ठिगळांचा कोट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक बडोद्याहून डिंडोलीला घरी आली, ती एक अजब मागणी घेऊनच. ती तिथे नाटकाचं शिक्षण घेते. (नात्यागोत्यात या शिक्षणाची व्हायची ती चेष्टा झालीच. ‘नाटकं करायला काय शिकावं लागतं?’ असं विचारणाऱ्यांतले निम्मे स्वतः उत्तम नट आहेत. असो.) फराळाची ताटली पुढे ओढून ती म्हणाली, “पप्पा, मला अहिराणी शिकवा. पंधरा दिवसांत.”

“आता हे काय नवीन?”

“परीक्षेला झान्नी करायचाय. सर म्हणाले, झान्नी पुस्तकी भाषेत बोलत नाही, ज्यानं त्यानं आपल्या घरची बोली आणायची. कुणी काठियावाडी आणतंय, कुणी चरोतरी. मी काय आणू?”

मी चकली मोडत बसलो. आमच्या घरात आम्ही शाळेतलं मराठी बोलतो, ओट्यावर गुजराती आणि रिक्षावाल्याशी हिंदी. अहिराणी फक्त माझे वडील बोलतात, आम्ही त्यांना नाना म्हणतो. तेही अलीकडे कमीच. ही बोली घरातून कशी गेली हे सुनेला, लेकीला ठाऊक नसेल, पण मला पक्कं ठाऊक आहे. ती मी घालवली.

तर हा झान्नी कोण? लेकीच्या वह्यांतून आणि तिनं आणलेल्या पुस्तकांतून मला जे कळलं ते आधी सांगतो, कारण ते कळल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही.

चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीत एक नाटकाचा प्रकार जोरात होता. त्याला कोमेदिया देल्लार्ते म्हणतात. म्हणजे धंदेवाईक, पोटासाठी नाटक करणाऱ्या नटांचा विनोदी खेळ. २५ फेब्रुवारी १५४५ ला पादुआ गावात आठ नटांनी एक करारनामा केला, त्याचा कागद आजही उपलब्ध आहे. एकत्र हिंडायचं, एक घोडा विकत घ्यायचा, कमाईची पेटी एक ठेवायची, कुणी आजारी पडला तर त्या पेटीतून त्याचं बघायचं. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाचा करार तरी याहून वेगळा काय असणार? फरक इतकाच की आपण कागद करत नाही, बोलीवर चालवतो आणि मग भांडतो.

या खेळात माणसं ठरलेली. पांतालोने हा व्हेनिसचा म्हातारा कंजूष व्यापारी, तो व्हेनिसची भाषा बोलणार. दोत्तोरे हा बोलोन्या गावचा पंडित, चुकीचं लॅटिन फेकणार. कापितानो हा बढाईखोर शिपाई, बहुतेक वेळा स्पॅनिश ढंगाचा. आणि झान्नी हा त्यांचा नोकर. ‘झान्नी’ म्हणजे आपल्या ‘गणप्या’सारखं अगदी मामुली नाव, जोव्हान्नीचा तिकडचा अपभ्रंश. हा झान्नी यायचा बर्गामोच्या डोंगराळ मुलखातून. तिथे पिकायचं कमी, खाणारी तोंडं जास्त. मग ही माणसं खाली व्हेनिसला उतरायची, बंदरावर हमाली करायची, ओझी वाहायची. त्यांची बोली शहरवाल्यांना रांगडी वाटायची, कळायचीही नाही. त्या बोलीला हसता हसता शहरानं त्या हमालालाच रंगमंचावर उभं केलं. पुढे जगभर गाजलेला आर्लेक्कीनो, ज्याला इंग्रजीत हार्लेक्विन म्हणतात, तो या झान्नीचाच वंशज.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खालून भुसावळकडे जाणारी गाडी चालली होती.

तापीच्या काठाकाठानं जाणारा हा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करत तो उधन्याला येतो आणि आमच्या खानदेशाला सुरतेत आणून ओततो. पाऊस दगा देई, शेताचे तुकडे पडत, आणि माणसं पिशवीत दोन कपडे घालून गाडीत बसत. नाना असेच १९६८ साली आले. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव सोडलं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. पहिले कितीतरी दिवस ते उधन्याच्या लूमखात्यांच्या फाटकांवर एकच वाक्य घेऊन फिरले, “भाऊ, काम शे का काम?” ‘शे’ म्हणजे आहे. ‘शे’ ऐकलं की फाटकावरचे लोक हसत. नंतर काम लागलं, बारा बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या, पण खात्यात त्यांना कधी कुणी नावानं हाक मारली नाही. इथे मराठी माणूस म्हणजे ‘भाऊ’. सगळेच भाऊ. जसे तिकडे सगळेच झान्नी.

आता मामाकडे येतो.

माझा मामा सोंगाड्या होता. कुठल्या मोठ्या नावाच्या फडात नव्हे. दसऱ्याला निघून वैशाखापर्यंत यात्रा-जत्रा करणाऱ्या एका लहान खानदेशी फडात. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारापलीकडच्या कनातीत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओळखलंच नाही. तोंडाला तव्याची काजळी फासलेली, डोळ्यांखाली चुन्याची दोन बोटं, आणि अंगात तो कोट. हा कोट माझ्या आईनं शिवला होता. शेजारच्या बाया साड्यांचे दोरे कापायचं काम घरी आणत, त्यातून आणि मार्केटात जाणाऱ्यांकडून तिच्याकडे कापडाचे तुकडे साचत. त्यांच्या ती गोधड्या शिवी. एकदा भाऊबीजेला तिनं गोधडीऐवजी भावाला कोट शिवला. जरीचा तुकडा, छापील नायलॉन, शर्टाचा चौकडा, काय हाती येईल ते. सुरतेत विणलेली नि छापलेली दुनिया मामाच्या पाठीवर होती.

आर्लेक्कीनोचा पोशाखही मुळात असाच होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पहिल्या चित्रांत त्याच्या अंगावर वेडीवाकडी ठिगळं आहेत, दरिद्री माणसाची खरीखुरी ठिगळं. पुढे राजेरजवाड्यांसमोर खेळ होऊ लागले, तशी ती ठिगळं रेखीव चौकटी होत गेली, लाल, हिरव्या, पिवळ्या. आज खेळण्यांच्या दुकानात दिसतो तो हा चौकटीचा विदूषक. त्याच्या पोटात भूक होती हे कुणाला आठवत नाही.

तमाशात गण झाला, गौळणीत पेंद्या आणि मावशी येऊन गेली, की बतावणीला मामा येई. त्याचा एक ठरलेला प्रवेश होता, ‘सुरतेला गेलेला भाऊ’. तो कुठे लिहिलेला नव्हता. आधी काय, मग काय, शेवट कुठे, एवढंच डोक्यात. बाकी समोरचं गाव बघून. इटलीतही हेच. पडद्यामागे कथानकाचा सांगाडा लिहिलेला कागद लावायचा, आणि नटांनी त्यावर आपापलं मांस चढवायचं. फ्लामिनिओ स्काला नावाच्या नटानं १६११ साली असे पन्नास सांगाडे छापले. ते वाचून काही मजा येत नाही म्हणतात. कशी येणार? दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’चं पुस्तक घरी बसून वाचलं तर सावळ्या कुंभार थोडाच भेटणार! दादूंना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्या न लिहिलेल्या जागांसाठी, असं मी तरी समजतो.

मामाच्या प्रवेशात भाऊ सुरतेला उतरतो. शेठ गुजरातीत बोलतो, पोलीस हिंदीत दम भरतो, वैद्यबुवा पुणेरी शुद्ध मराठीत पथ्य सांगतात, आणि भाऊ बिचारा अहिराणीत प्रत्येकाला भलतंच उत्तर देतो. वैद्यबुवा म्हणतात, “लंघन करा.” भाऊला वाटतं ते खायचं काहीतरी आहे. तो विचारतो, “किती शे? दोन जनास्ले पुरई का?” शेवटी भुकेनं तो हवेतली माशी पकडतो, तिची तंगडी, तिचं पंख, तिचा रस्सा करून मिटक्या मारत खातो.

लेकीच्या पुस्तकात माशीपाशी आलो तेव्हा मी तिला हाक मारली. भुकेल्या झान्नीचा माशी खाण्याचा खेळ इटलीत जुना, ठरलेला. दारिओ फो या नाटककारानं १९६९ पासून तो ‘मिस्तेरो बुफ्फो’त पुन्हा जगापुढे आणला. त्याचा झान्नी भुकेनं स्वतःलाच खायला निघतो, आणि शेवटी सापडते ती माशी. फोला १९९७ साली नोबेल मिळालं. माझा मामा कधी नाशिकच्या पलीकडे गेला नव्हता. इटलीचं नाव त्यानं घेतलेलं मला आठवत नाही. मग ही माशी त्याला कुणी दिली? मला वाटतं, भूक सगळीकडे एकाच वाटेनं जात असावी.

१९८७ च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळानं मामाला बोलावलं. तेव्हा नवागाम-डिंडोलीकडे वस्ती विरळ, मध्ये शेतं, पावसाळ्यात चिखल. मी दहावीत होतो. शाळेत ‘शे’ आणि ‘नही शे’वरून माझी इतकी टर उडायची की मी आरशासमोर उभा राहून ‘आहे, आहे’ घोटत असे. त्या रात्री माझ्या वर्गातली मुलं आरतीला आली आणि खेळ बघायला थांबली. दोन गुजराती होती, एक बँकेतल्या साहेबाचा मुलगा होता, तो मूळचा पुण्याचा.

मामा रंगात आला. समोरच्या किराणावाल्याच्या पोरालाच त्यानं ओढून शेठ केलं, आणि तो पोरगाही काय बोलला! मंडपात एकच हशा. मला मात्र दिसत होते कडेला बसलेले नाना. फाटकाचा प्रवेश आला, मामानं हात जोडून विचारलं, “भाऊ, काम शे का काम?” आणि सगळ्यांत मोठ्यानं नाना हसले. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. माझे मित्रही हसत होते. दोन्ही हसण्यांतला फरक त्या वयात मला कळला नाही. मला फक्त एवढंच वाटलं की माझ्या बापाला सगळे हसताहेत आणि मामानंच त्याला मध्ये उभं केलंय.

खेळ संपला. काजळीभरल्या तोंडानं, कोट तसाच अंगात ठेवून मामा हसत माझ्याकडे आला. शेजारच्या मुलानं विचारलं, “कोण छे?”

मी म्हणालो, “कोण जाणे, गामना कोई हशे.”

मामाला गुजराती चांगली समजत असे. तो क्षणभर थांबला. मग त्यानं त्या मुलाला कमरेत वाकून मुजरा केला, मलाही केला, आणि तसाच मागे फिरला. मुलं खूप हसली. तो सोंगाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं.

त्या दिवसानंतर मी घरात अहिराणीत उत्तर देणं सोडलं. नाना अहिराणीत विचारत, मी मराठीत सांगे. हळूहळू त्यांनीही विचारणं कमी केलं.

यानंतरची गोष्ट सात वर्षांनंतरची. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मी काय सांगणार! एका रात्रीत शहर स्टेशनवर आलं. प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, फडकं, ओढणीचा पदर. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल खिशात. उधन्याहून गाडीत पाय ठेवायला जागा नाही. आम्ही कसेबसे गावी पोहोचलो, तर गावानं आम्हाला वेशीबाहेरच्या शाळेत उतरवलं. गावाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, भीती कुणाला नसते? पण ज्या गल्लीत नाना लहानाचे मोठे झाले तिथल्या बाया पाण्याची कळशी लांब ठेवून पळत होत्या.

दिवेलागणीला शाळेच्या फाटकाशी एक माणूस दिसला. डोक्यावर भाकरींची टोपली, हातात कंदील. फड दसऱ्याला निघणार होता, म्हणून मामा तालमीला गावातच होता. लोक ओरडत होते, आत जाऊ नको. तो सरळ आत आला. रुमाल बांधलेली चाळीस-पन्नास तोंडं बघून म्हणाला, “आते सगळाच सोंगाड्या व्हई ग्यात! मंग मी काय करू?”

त्या रात्री त्यानं शाळेच्या ओट्यावर खेळ केला. ना ढोलकी, ना कोट, ना काजळी. सुरतेहून परत आलेला भाऊ, गावाला नको झालेला. प्लेगच्या उंदराशी त्यानं भाकरीसाठी भांडण केलं, आणि भांडता भांडता दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. रुमालांच्या आड लोक हसायला लागले, मग रुमाल सोडून हसायला लागले. वेशीकडचे गाववालेही एकेक पाऊल पुढे सरकत गेले. मी मागच्या भिंतीशी उभा होतो. कुणीतरी मामाला विचारलं, “तो पॅन्टवाला पोऱ्या कोन शे?”

मामा कंदील वर धरून म्हणाला, “हाऊ? हाऊ मन्हा भाचा शे.”

सात वर्षांपूर्वीची गोष्ट त्यानं मरेपर्यंत काढली नाही. मीही काढली नाही, हे इथे लिहितोय तेवढंच.

इटलीतल्या मंडळींचंही पुढे चांगलं-वाईट बरंच झालं. १६९७ साली चौदाव्या लुईनं पॅरिसमधून या इटालियन नटांना हाकलून दिलं. राजाच्या गुप्त पत्नीची थट्टा होणार असल्याची कुणकुण हे कारण सांगतात. ते परत आले १७१६ साली. त्यांच्यातली इझाबेल्ला आंद्रेइनी ही नटी फार मोठी, कविताही करायची. १६०४ साली फ्रान्सहून परतताना लियों शहरात गर्भपात होऊन ती गेली, आणि तिच्या नवऱ्यानं फडच मोडला. हे वाचताना मला विठाबाई नारायणगावकर आठवल्या. खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या. आपण ही गोष्ट कौतुकानं सांगतो. सांगताना थोडी लाजही वाटायला हवी.

पुढे व्हेनिसच्या गोल्दोनीनं सुधारणा केली. १७४५ च्या सुमारास त्यानं ‘दोन धन्यांचा नोकर’ लिहिलं ते साक्की नावाच्या नटासाठी, बऱ्याच जागा त्याच्यावर सोडून. नंतर मात्र सगळे संवाद लिहून काढले आणि हळूहळू मुखवटेही उतरवले. नाटक सुधारलं, झान्नी मागे पडला. १९४७ साली मिलानमध्ये स्ट्रेलरनं तेच नाटक पुन्हा बसवलं, तेव्हा चामड्याचे मुखवटे कसे करायचे हेही लोक विसरले होते. आमेल्तो नव्हे, आमलेतो सार्तोरी या शिल्पकारानं ती कला पुन्हा शोधून काढली. (ही नावं उच्चारताना लेक मला सारखी थांबवते.) आणि गंमत म्हणजे त्यातला आर्लेक्कीनो, मार्चेल्लो मोरेत्ती, त्याला मुखवटा सोसेना. सुरुवातीला तो तोंडाला काळा रंग फासूनच उभा राहायचा. त्याच्यानंतर फेरुच्चो सोलेरी २०१८ पर्यंत ती भूमिका करत राहिला, दोन हजारांहून जास्त प्रयोग.

आपल्याकडे मुखवटे नाहीत असं नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात आहेत, इथून जवळ डांगात आहेत. पण ते देवांचे आणि राक्षसांचे. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाला आपण मुखवटा दिला नाही, त्याला तव्याची काजळी पुरली.

मामा २०११ साली गेला. दिवसकार्य झाल्यावर मामीनं पत्र्याच्या पेटीतून कोट काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, तुझ्या मायचं शिवण आहे, तूच ने. तेव्हापासून तो आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर होता.

दिवाळीच्या चौथ्या दिवशी मी तो खाली उतरवला. लेकीनं अंगात घातला तर बाह्या हातभर लोंबू लागल्या. जरीचा तुकडा काळा पडलाय, बाकी रंग अजून भडक. ती आरशासमोर वळून वळून बघत म्हणाली, “पप्पा, पहिलं वाक्य काय?”

मी घसा खाकरला. अडतीस वर्षं न वापरलेली वस्तू. म्हटलं, “भाऊ, काम आहे… काम शे का काम?”

बरोबर आलं नाही हे मलाच कळलं. तिनं म्हणून बघितलं, तिचं तर अगदीच बडोद्याचं. दोनदा, तीनदा. आतल्या खोलीत नाना पडून होते. ऐकू कमी येतं त्यांना, असं आम्ही धरून चालतो. आतून खाट करकरली.

“तसं नही,” नाना म्हणाले. “हात जोड पह्यले.”

काठी टेकत ते दारापर्यंत आले. नातीच्या अंगावरचा कोट त्यांनी बाहीपाशी चिमटीत धरून पाहिला, आईच्या हाताचा टाका बोटानं चाचपला. मग तिला चार पावलं मागे जायला सांगितलं, स्वतः ताठ उभे राहिले, आणि दाराच्या चौकटीला फाटकासारखा आडवा हात लावला.

“बोल आते.”

लेकीनं हात जोडले. “भाऊ, काम शे का काम?”

एक्क्याऐंशी वर्षांच्या नानांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान फिरवून खास सुरती ठसक्यात म्हणाले, “काम-बाम नथी. चाल, आगळ जा.”